कानाची मशागत



या सदरात आपण नेहमी जमीन, बियाणे, खत आणि पाणी यांविषयी बोलतो. आज मुलांच्या कानाविषयी बोलायचे आहे. त्याला कारणही तसेच घडले. हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेची माहिती द्यायला मी मध्यंतरी एका गावी गेलो होतो. बैठक आटोपली, माणसे पांगली, तरी एक माऊली मागे थांबून राहिली. म्हणाली, "साहेब, शेतीचं न्हाई, दुसरंच इचारायचं हाय. पोरगी आठवीत हाय. शाळेतल्या बाईंनी तिला गाण्याच्या परीक्षेला बसवलंय. नुसतं गाऊन भागत न्हाई, ऐकून वळखावं बी लागतं म्हनं. आमच्या घरात ना पेटी, ना तबला. आमाला सुरातलं काय बी कळत न्हाई. मग तिला मदत करायची तरी कशी?"

प्रश्न एकीने विचारला, पण तो पुष्कळ घरांतला आहे. म्हणून उत्तर सर्वांसाठी लिहितो. मी काही गवई नव्हे, शेतकी पदवीधर आहे. पण गावोगावच्या भजनात बसून टाळ धरलेला माणूस आहे, आणि घरातल्या दोन मुलांच्या या परीक्षा मी जवळून पाहिल्या आहेत. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. ऐकण्याच्या परीक्षेसाठी घरात पेटी नसली तरी चालते, आईबापांना सूर कळत नसला तरी चालते. मुलाला घरातून रोज वीस मिनिटांची शांतता मात्र मिळालीच पाहिजे. ती दुसरे कोणी देऊ शकत नाही. शाळाही नाही आणि शिक्षकही नाही.

परीक्षा कसली असते?

आपल्याकडे बहुतेक मुले अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले. हे पलुसकर मूळचे आपल्या कुरुंदवाडचे आणि त्यांचे गाण्याचे शिक्षण मिरजेला झाले. १९३१ साली ते वारले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ उभे केले. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, पुढे विशारद आणि अलंकार अशा त्याच्या पायऱ्या आहेत. काही शाळा आपल्या वर्गापुरती वेगळी चाचणी घेतात. अकरावी-बारावीला संगीत हा विषय घेता येतो, तिथेही प्रात्यक्षिक असते.

परीक्षा कोणतीही असो, गाण्या-वाजवण्याबरोबर ओळखण्याचा भाग हळूहळू वाढत जातो. परीक्षक चार स्वर गुणगुणतात आणि विचारतात, हा राग कोणता? ठेका वाजवून विचारतात, हा ताल कोणता? सम दाखव, खाली दाखव. शाळेच्या चाचणीत ध्वनिमुद्रण लावून वाद्य ओळखायला सांगतात. कोणत्या पायरीला काय विचारतात हे छापील अभ्यासक्रमात असते. तो कागद सगळ्यात आधी हातात घ्यावा. माती तपासल्याशिवाय आपण खताची मात्रा ठरवत नाही, तसेच हे.

शास्त्रीय गायन, वादन आणि नृत्याच्या ठराविक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण देण्याची तरतूद शासनाने केलेली आहे. त्याचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून मुख्याध्यापकांना विचारून घ्यावे आणि प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. पण केवळ गुणांसाठी मुलाला परीक्षेला बसवू नका. गुण ही वरकमाई समजा. मुख्य पीक म्हणजे मुलाला लागलेला कान.

अर्धा अभ्यास झालेलाच असतो

"आमची पोरं खेड्यातली, त्यांना काय येणार?" असे पुष्कळजण म्हणतात. मला ते पटत नाही. ऐकून ओळखणे ही तर शेतकऱ्याची रोजची विद्या. विहिरीतले पाणी तळाला गेले आणि पंप हवा ओढू लागला की तुम्हाला बांधावरून कळते. इंजिनाचा ठोका चुकला की बघायला जाण्याआधीच कळते. गाय भुकेने हंबरते की वासरासाठी, हे घरातली म्हातारी अंथरुणात पडल्या पडल्या सांगते. घुंगरांच्या आवाजावरून कोणाची गाडी आली ते पूर्वी सारे गाव सांगत असे.

संगीताचेही तसेच. शहरातल्या मुलाला पखवाज चित्रात दाखवावा लागतो. आपल्या मुलाने तो एकादशीच्या भजनात हाताच्या अंतरावर ऐकलेला असतो. गोंधळातले संबळ आणि तुणतुणे, जत्रेतली हलगी, लग्नातली सनई, देवीपुढचे चौंडके, तमाशातली ढोलकी, वासुदेवाचे टाळ आणि चिपळ्या, एवढी वाद्ये त्याच्या कानावरून गेलेली असतात. त्याच्याकडे ऐकीव माल भरपूर आहे. फक्त त्या मालाला नावे दिलेली नाहीत. बी घरात आहे, पण पोत्यांवर चिठ्ठ्या नाहीत, अशी स्थिती. परीक्षेची तयारी म्हणजे बरेचसे चिठ्ठ्या लावण्याचेच काम.

पहिला प्रश्न : वाद्य कोणते?

वाद्य ओळखताना आधी नाव आठवत बसू नये. आवाज कशातून निघतो ते विचारावे. तारेतून, कातड्यातून, हवेतून की धातूवर धातू आपटून? भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे हेच चार वर्ग सांगितले आहेत. तारेची ती तत वाद्ये : तंबोरा, वीणा, सतार, तुणतुणे. कातड्याने मढवलेली ती अवनद्ध : तबला, पखवाज, ढोलकी, हलगी, संबळ. हवेची ती सुषिर : बासरी, सनई. आणि आपटून वाजणारी ती घन : टाळ, झांज, घुंगरू. वर्ग नक्की झाला की पुढचे ओळखणे सोपे होते. शेकडो नावांतून शोधायचे ते चार-पाचांवर येते.

सारखी वाटणारी वाद्ये जोडीजोडीने ऐकवावीत. पेटी आणि सारंगी घ्या. पेटीवर सूर जिन्याच्या पायऱ्यांसारखा एकेक टप्पा घेत चढतो. सारंगी किंवा व्हायोलिनवर तो उतारावरून पाणी वाहावे तसा अखंड घसरत जातो, त्याला मींड म्हणतात. बासरी आणि सनई दोन्ही फुंकरीच्या, पण बासरीचा आवाज मऊ आणि सनईचा धारदार. पखवाज आणि तबला घ्या. पखवाज एकसंध लाकडाचा, त्याच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात, म्हणून त्याचा घुमारा भरीव आणि खोल. तबला-डग्ग्याची जोडी वेगवेगळी असते आणि तिचे बोल अधिक मोकळे, सुटे ऐकू येतात. पुढच्या भजनाला मुलाला पखवाजवाल्या बुवांच्या शेजारी बसवा. कणीक का लावता, हे त्यालाच विचारू द्या. एकदा डोळ्यांनी पाहिलेले वाद्य कान विसरत नाही.

दुसरा प्रश्न : ताल किती मात्रांचा?

सुरुवातीला सहाच ताल पक्के करावेत. दादरा ६ मात्रांचा, रूपक ७, केरवा ८, झपताल १०, एकताल १२ आणि त्रिताल १६ मात्रांचा. मुले घाईने बोटे मोजू लागतात आणि चुकतात. मोजण्याआधी सम शोधावी. गाणारा आणि वाजवणारा फिरून फिरून जिथे एकत्र येतात आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते, ती सम. तिथून पुन्हा सम येईपर्यंत मोजले की ताल हाती लागतो.

नुसती संख्या पुरत नाही, तुकडेही पाहावे लागतात. झपतालाचे तुकडे २, ३, २, ३ असे पडतात, रूपकाचे ३, २, २. त्रितालाचे चार-चारांचे चार भाग, टाळी १, ५ आणि १३ या मात्रांवर, तर ९ वी मात्रा खाली, म्हणजे टाळी न देता हात बाजूला टाकायचा. त्रितालात खालीच्या सुमारास डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो आणि थोड्या वेळाने परत येतो. ही जागा कानाला सापडली की त्रिताल ओळखलाच म्हणून समजा. रूपकाची गंमत अशी की त्याची पहिली मात्राच खाली असते.

सरावासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही. शाळेच्या वाटेवर चालता चालता मात्रा मोजाव्यात. प्रत्येक पावलाला एक मात्रा. केरव्याच्या आठ मात्रांत दर फेरीला तेच पाऊल समेवर येते. रूपकात मात्र सात मात्रा असल्यामुळे एकदा उजवे पाऊल समेवर येते, पुढच्या फेरीला डावे. दोन दिवस असे चालले की सात आणि आठ यांतला फरक पायांतच मुरतो. आपली भजने बहुधा आठ मात्रांच्या ठेक्यात चालतात, तेव्हा तिथेही टाळ वाजवताना मुलाने मनात मात्रा मोजाव्यात.

तिसरा प्रश्न : सूर कोणते लागले, कोणते गळले?

राग ओळखणे मुलांना सर्वात अवघड वाटते, कारण ती रागाचा एकूण "चेहरा" एकदम ओळखायला जातात. सुरुवातीला तसे करू नये. आधी षड्ज, म्हणजे 'सा', कानात बसवावा. मागे तंबोरा वाजत असतो तो याच कामासाठी. त्याच्या चार तारांपैकी पहिली बहुधा पंचमाला, मधल्या दोन षड्जाला आणि शेवटची खर्जाच्या षड्जाला लावलेली असते. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागात पहिली तार मध्यमाला लावतात. म्हणजे लक्ष देऊन ऐकणाऱ्याला गाणे सुरू होण्याआधीच तंबोरा एक खूण देऊन जातो. तंबोरा घरी नसला तरी त्याचा नाद देणारी साधने आता मोबाईलवर मिळतात.

जाता जाता सांगतो, तंबोऱ्याशी आपल्या शेतीचे नाते आहे. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे साऱ्या देशात नावाजलेले. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांचा घुमारा ज्या भोपळ्यातून येतो तो भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे शेतकरी पिकवतात. तो खाण्याचा नव्हे, वाद्याचा. वेलावर पुरता पिकवून खडखडीत वाळवावा लागतो. मोठ्या मैफलीत गवयाच्या मागे जो सूर घुमतो, त्यात कोणा शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट असतात. "संगीत हा आपला प्रांत नाही" असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आता सुरांकडे वळू. 'सा' पक्का झाला की मुलाने दोनच गोष्टी पाहाव्यात : कोणता सूर मुळीच येत नाही, आणि कोणता सूर कोमल किंवा तीव्र लागतो. इथेही जोड्या कराव्यात. भूप आणि दुर्गा दोन्ही पाच सुरांचे राग. भूपात सा, रे, ग, प, ध. दुर्गेत सा, रे, म, प, ध. म्हणजे भूपातला 'ग' काढून त्या जागी 'म' ठेवला की दुर्गा. बिलावलात सारे सूर शुद्ध, यमनात मध्यम तेवढा तीव्र. काफीत गंधार आणि निषाद कोमल, भैरवात रिषभ आणि धैवत कोमल. मालकंसात रिषभ आणि पंचम नाहीत, आणि ग, ध, नी हे तिन्ही कोमल. एवढ्या सात रागांवर मूल पक्के झाले की पुढचे राग त्याला परके वाटत नाहीत.

मग एखादा चलाख मुलगा विचारील, दोन रागांत तेच सूर असले तर? तसे असते. भूप आणि देशकार यांचे पाचही सूर तेच. पण भूप गंधारावर विसावतो आणि देशकार धैवतावर. शेत एकच, पण खरिपात बाजरी आणि रब्बीत हरभरा घेतला तर शेताचे रूप पालटते ना? म्हणून सूर ओळखून झाल्यावर गाणे कुठे रेंगाळते, फिरून फिरून कोणत्या सुरावर येऊन टेकते, हे पाहावे.

एक सावधगिरी. नावावर जाऊ नये. पहाटे देवाला जागवताना म्हणतात त्या गीतप्रकाराला भूपाळी म्हणतात, पण भूप हा राग रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. परीक्षेत वेळेवरून आणि नावावरून अंदाज बांधणारी मुले फसतात. कानाने सांगितले तेच लिहावे.

चार आठवड्यांचे वेळापत्रक

पिकाचे जसे वेळापत्रक असते तसे याचेही करावे. पहिल्या आठवड्यात तंबोऱ्याचा 'सा' आणि वाद्ये. दुसऱ्या आठवड्यात सहा ताल. तिसऱ्या आठवड्यात रागांच्या जोड्या, दर दोन दिवसांना एक जोडी. चौथ्या आठवड्यात सारे मिसळून घरच्या घरी परीक्षा. रोज वीस मिनिटे पुरेत. रविवारी दोन तास आणि एरवी काही नाही, असे करू नये. एकदाच शेत तुडुंब भरले तर पाणी वाहून जाते, थोडे थोडे दिले तर मुरते.

ऐकण्याचीही एक रीत आहे. एकच तुकडा तीनदा ऐकावा. पहिल्यांदा डोळे मिटून, हातात पेन्सिल न घेता. दुसऱ्यांदा वहीत लिहीत : वाद्य, मात्रा, न लागलेला सूर, कोमल-तीव्र सूर. तिसऱ्यांदा लिहिलेले ताडून पाहत. तुकडा दोन-तीन मिनिटांचाच असावा. तासाभराची मैफल मांडीवर मोबाईल ठेवून ऐकणे याला अभ्यास म्हणत नाहीत.

आकाशवाणीने शास्त्रीय संगीतासाठी 'रागम्' ही वाहिनी २०१६ साली सुरू केली. ओळखीच्या गाण्यांचाही उपयोग करावा. पुणे आकाशवाणीने १९५५ साली रामनवमीपासून प्रसारित केलेली गीतरामायणाची ५६ गीते पुष्कळ घरांत पाठ असतात. गदिमांचे शब्द आणि सुधीर फडके यांच्या चाली. त्यांतले पहिलेच गीत भूपाच्या सुरांवर आहे. येणाऱ्या गाण्यावरून राग ध्यानात राहिला की तो मरेपर्यंत विसरत नाही.

घरच्या परीक्षेत परीक्षक कोणीही होऊ शकतो. शिक्षकांकडून दहा तुकडे मोबाईलवर घ्यावेत, त्यांना १ ते १० आकडे द्यावेत आणि उत्तरे वेगळ्या कागदावर लिहून ठेवावीत. आजीने किंवा वडिलांनी उलटसुलट क्रमाने ते लावावेत. मोबाईलचा पडदा मुलाला दिसू देऊ नये, नाहीतर कान झोपतो आणि डोळेच उत्तर देतात. आजीला राग कळण्याची गरज नाही. आकडा वाचता आला की पुरे. आणि उत्तर चुकले तर "एवढंही येत नाही का?" असे म्हणू नये. "काय ऐकू आलं ते सांग बरं" असे म्हणावे. मूल पुन्हा ऐकेल, आणि बहुधा आपली चूक आपणच काढील.

शांतता कोणी द्यायची?

मी वर म्हटलेली वीस मिनिटांची शांतता आपल्या घरात सोपी नसते, हे मी जाणतो. एका बाजूला दूरदर्शन संच, दुसऱ्या बाजूला मिक्सर, अंगणात फवारणीचा पंप, त्यात पाहुण्यांची ये-जा. तरी दिवसातून एखादी वेळ सापडते. पहाटे मोटार सुरू होण्याआधी, किंवा रात्री जेवणे झाल्यावर. ती वेळ ठरवा आणि सर्वांनी पाळा. त्या वेळी संच बंद, हाका बंद. मोठ्यांनीही तेवढा वेळ मोबाईल बाजूला ठेवावा.

दुसरी अडचण हंगामाची. या परीक्षा बहुधा वर्षातून दोनदा असतात, नोव्हेंबर-डिसेंबर आणि एप्रिल-मे या सुमारास. पहिल्या वेळी कापूस वेचणी आणि रब्बीची घाई, दुसऱ्या वेळी उन्हाळी कामे आणि लग्नसराई. म्हणून परीक्षेची तारीख कळताच ती दिनदर्शिकेवर लिहा आणि त्याआधीच्या चार आठवड्यांत मुलाचे काम दुसऱ्यावर वाटून द्या. हे आयत्या वेळी जमत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मुलगा परीक्षेला बसला की त्याला "अभ्यास कर" म्हणून मोकळा सोडतात. मुलगी बसली की "भाकरी थाप आणि मग बस" असे सांगतात. भाकरी होईतो, भांडी होईतो, धाकट्याला निजवीतो नऊ वाजतात आणि कान थकून जातात. थकलेल्या कानाला कोमल आणि शुद्ध यांतला फरक कळत नाही. म्हणून मुलीच्या वीस मिनिटांपुरते काम भावाने करावे, वडिलांनी करावे. वीस मिनिटे भांडी घासली म्हणून कोणाच्या पाटीलकीला धक्का लागत नाही.

कान निरोगी आहे ना?

शेवटचा मुद्दा परीक्षेपेक्षा मोठा आहे. मुलाला वारंवार ऐकूनही हलके सूर ओळखता येत नसतील, तो दूरदर्शनचा आवाज सारखा वाढवत असेल, हाक मारल्यावर "काय?" असे विचारत असेल, तर आधी त्याला आळशी ठरवू नका. कान तपासून घ्या. आपल्याकडे कान वाहणे हे सर्दीइतके किरकोळ मानतात. ते किरकोळ नाही. फार दिवस वाहिलेला कान ऐकणे कमी करतो. कानात तेल, कसला रस, काडी किंवा केसातली पिन घालू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांतून आणि अंगणवाड्यांतून मुले तपासतात, त्यात ऐकण्याचाही दोष पाहतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला शेतावर नेऊ नका.

मिरवणुकीत भोंग्यांच्या भिंतीपुढे लहान मुलांना नाचवू नये. त्यानंतर कान वाजू लागतात, ती कानाला इजा झाल्याची खूण. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार वस्तीच्या भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रावर दिवसदिवस काम करणाऱ्यांनीही कानात बोळे किंवा कानावर टोप्या घालाव्यात. सरावाच्या वेळी कानात घालायची यंत्रे वापरली तर आवाज लहान ठेवावा. शेजारच्याने हाक मारली तर ती ऐकू आली पाहिजे, एवढाच.

परीक्षेच्या दिवशी मुलाला वेळेवर आणि पोटात काही घालून पाठवा. त्याला सांगा की पहिला तुकडा घाईने ओळखू नकोस, आधी 'सा' शोध. नाव आठवले नाही तर गप्प बसू नये. "पाच सूर आहेत, गंधार नाही, ठेका सोळा मात्रांचा आहे" एवढे तरी सांगावे. लक्ष देऊन ऐकणारे मूल परीक्षकालाही कळून येते.

निकाल काय लागेल तो लागेल. ज्या मुलाने महिनाभर रोज वीस मिनिटे शांत बसून ऐकले, त्याला पुढे माणसाचे बोलणेही नीट ऐकता येते, आणि तो गुण कोणत्याही कामात उपयोगी पडतो. तेव्हा आज रात्री जेवणे झाली की संच बंद करा, मुलाला आवडता तुकडा लावायला सांगा आणि तुम्हीही शेजारी बसून ऐका.